पेटीला सांगायचं राहिलं

आमच्या वाचनालयात त्यांना सगळे पालकाका म्हणत. आडनावाशी त्याचा काही संबंध नाही. माणूस कायम शिडीवर, छताला पालीसारखा चिकटून तारा ओढत असायचा, म्हणून काउंटरवरच्या बाईंनी हे नाव पाडलं. तोंडावर हाक मारली तरी ते ‘ओ’ द्यायचे, म्हणजे मान्य होतं असंच धरायचं.

पन्नाशी उलटलेली, लग्न नाही, घरी एकटी आई. ती अंथरुणाला खिळलेली होती आणि तासातासाने फोन करायची. खिशातला फोन वाजला की वरूनच उत्तर यायचं, “आई, शिडीवर आहे गं!” सगळा वाचनकक्ष हसायचा. तीन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून त्यांचा फोन वाजायचा तो फक्त कुठे काही बंद पडलं तर.

आणि आमच्याकडे फार बंद पडायला लागलं. वीज गेली की संगणकांचं नेटवर्क गेलंच. पालकाका यायचे, चहा प्यायचे, दुरुस्त करायचे, निघताना तीनतीनदा दारातून मागे यायचे. मी तेव्हा एवढंच म्हणायचे, “या आता, मला कामं आहेत.”

गेल्या वर्षी एका सभासदाने वाचनकक्षातल्या संगणकावर चुकून कॅमेऱ्यांची चित्रं उघडली आणि कोण कुठे घोरतंय ते शेजाऱ्याला दाखवत बसला. घोरणाऱ्यांत आमचे खजिनदार निघाले. मग काय, तातडीची बैठक!

“कंपनीला काम द्या,” खजिनदार म्हणाले. “या पालकाकांचं नेटवर्क सारखं झोपतं.”

“झोपण्याबद्दल तुम्ही बोलूच नका,” मी म्हटलं. मी वाचनालयाची कार्यवाह, एवढा अधिकार मला होता. शेवटी असं ठरलं की काम पालकाकांनीच करावं, पण यानंतर वीज जाऊन एकदा जरी बंद पडलं तरी सगळं कंपनीकडे.

पालकाका दुपारी आले. कपाटातली तारांची पेटी, म्हणजे नेटवर्कचा स्विच, उघडून लॅपटॉप जोडून बसले. मी शेजारी खुर्ची ओढली. कार्यालय, वाचनकक्ष आणि कॅमेरे यांची त्यांनी तीन वेगळी जाळी केली. तारा त्याच, पेटी तीच, पण आता एकाचं दुसऱ्याला ऐकू येत नव्हतं. व्हीलॅन म्हणतात त्याला.

“पण वाचकांना कार्यालयातल्या प्रिंटरवर छापायचं असतं,” मी म्हटलं.

“म्हणून आता मधे दारं करायची. ते राउटिंग. प्रिंटरपर्यंत जाऊ द्यायचं, कॅमेऱ्यांपर्यंत नाही.”

दार झालं, तरी प्रिंटर ढिम्म. पालकाकांनी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “याला निरोप पोचतोय हो. उत्तर कुठल्या दाराने पाठवायचं तेच याला माहीत नाही. आजवर दाराबाहेरचं कुणी बोललंच नव्हतं ना.” प्रिंटरमध्ये दाराचा पत्ता भरल्यावर वाचनकक्षातून पाठवलेला कागद खडखडत बाहेर आला. कॅमेऱ्यांचं चित्र उघडून पाहिलं, उघडलं नाही. झकास.

ते लॅपटॉप मिटायला लागले.

“थांबा. हे पेटीच्या लक्षात राहणार का?”

“म्हणजे?”

“वीज गेल्यावर.”

पालकाका वायरचं वेटोळं करत राहिले. “राहतं. जपून ठेव असं सांगितलं तर राहतं.”

“सांगितलंत?”

त्यांनी वायरचं टोक वेटोळ्यात खोचलं.

“आधीच्या वेळी सांगत होतात?”

“आई होती तोवर सांगायचो,” ते म्हणाले. वेटोळं सुटलं, ते त्यांनी पुन्हा गुंडाळायला घेतलं. “नंतर... नाही. तुम्ही लोक बोलावता तेवढंच जाणं होतं, बाई. दुसरीकडे हल्ली बोलावतच नाहीत.”

मला राग आला. दोन वर्षं वाचकांची कामं अडली होती! तो मी बोलूनही दाखवला. ते ऐकून घेत होते. मग मी म्हटलं, “आता नाही सांगितलंत तर पुढच्या वेळी मीसुद्धा काही करू शकणार नाही.”

“आणि सांगितलं तर तुम्ही कशाला बोलवाल?”

मी लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी लॅपटॉप पुन्हा उघडला, एक आज्ञा लिहिली, बटण दाबलं. एवढंच असतं ते. शिडी खांद्यावर घेऊन निघाले. त्या दिवशी दारातून एकदाही मागे आले नाहीत.

पुढे एका सकाळी वीज गेली आणि आली. पेटीवरचे दिवे एकेक करून लागले. वाचनकक्षातल्या एका बाईंनी आपला अर्ज छापून घेतला. खजिनदार तक्रारीला जागा शोधत फिरले, त्यांना सापडली नाही.

मी पालकाकांना फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला.

“काय बंद पडलं?” आवाजात केवढा उत्साह!

“काही नाही.”

“प्रिंटर?”

“छापतोय.”

“कॅमेरे?”

“खजिनदार स्वच्छ दिसताहेत. जागे आहेत.”

ते हसले नाहीत. “मग फोन कशाला केलात, बाई?”

“उगीच,” मी म्हटलं.

“बरं,” ते म्हणाले. “वीज गेली तशी शिडी बाहेर काढून ठेवली होती. ठेवतो आत.”

फोन बंद करायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. फरशीवरून शिडी ओढत नेल्याचा आवाज लांब जात होता. तो थांबेपर्यंत मी फोन कानाला धरून उभी होते.