पोटात पाय

संगमनेरला आमच्या शेजारी कचेरीतले एक कारकून राहायचे. बोलणं इतकं हळू, की ऐकणाऱ्यानंच पुढं वाकावं. प्रत्येक वाक्य "माझं काय म्हणणं" असं सुरू व्हायचं आणि अर्ध्यातच विरून जायचं.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या शेवंतीवर गोगलगाई तुटून पडल्या. मी म्हटलं, मीठ टाका. त्यांनी कानांना हात लावले. "माझं काय म्हणणं, मुका जीव, उगाच आपण..."

रोज सकाळी ते पानांवरची एकेक गोगलगाय अलगद उचलायचे आणि भिंतीपलीकडे टाकून द्यायचे. भूतदया आंघोळीआधीच उरकायची. पलीकडे बौद्ध वस्ती होती आणि भिंतीला लागूनच एका बाईचा कोथिंबिरीचा वाफा होता.

एके दिवशी ती बाई डालड्याचा डबा घेऊन त्यांच्या दारात आली. "साहेब, ह्या तुमच्याच हायेत. आमची समदी कोथिंबीर खाल्ली," म्हणाली आणि डबा पायरीवर पालथा करून निघून गेली.

कारकून आत गेले ते मिठाची बरणीच घेऊन आले. पायरीवर फेस झाला. आतून बादली मागवून त्यांनी पायरी धुतली, मग स्वतःचे पायही धुतले.

"अहो, मुका जीव ना?" मी विचारलं.

त्या दिवशी त्यांचं वाक्य पहिल्यांदाच पुरं झालं, आणि ऐकायला मला वाकावंही लागलं नाही.

"माझं काय म्हणणं, तिकडं जाऊन आलेलं परत घरात कसं घ्यायचं?"