टेपबाईंच्या वतीने कोण बोलणार

टेपबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण गळ्यातली मोजपट्टी ज्या जेवतानासुद्धा काढत नसत, त्यांना गल्लीने दुसरं काय म्हणावं? त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान. उसवलेलं शिवायचं, ढगळ झालेलं आवळायचं, आणि गिऱ्हाइकाचं पोट सुटलं असेल तर शिवणीत दडवलेलं कापड सोडून त्याची अब्रू राखायची. टेपबाई कापायच्या आणि त्यांच्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, तपासायच्या. दोघींचं एका गोष्टीवर पटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तरी दुकान चाललं, कारण तिथे नियम एकच होता. कपड्याला टाचलेल्या चिठ्ठीवर आधी टेपबाईंची सही, तिच्याखाली वन्संची. दोन्ही झाल्याशिवाय कपडा दुकानाबाहेर जायचा नाही.

आता दुरुस्तीची पाळी खुद्द टेपबाईंवर आली होती. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं. कापाकापीला त्या भीत नव्हत्या, जन्म त्यातच गेलेला. धास्ती होती ती नंतरची. आपण शुद्धीवर आलोच नाही, तर आपल्या वतीने बोलायचं कुणी?

यजमानांच्या वेळी डॉक्टरांनी मुलाला विचारलं होतं. मुलगा म्हणाला, "सगळं चालू ठेवा." आणि ज्या माणसाने सर्दीची गोळीसुद्धा कधी सुखाने घेतली नाही, तो नळ्यांच्या जंजाळात अख्खा उन्हाळा पडून राहिला. माझ्या भावाला हे नको होतं, असं वन्सं ज्याला त्याला सांगत होत्या. पण बहिणीच्या शब्दाला तिथे कोण विचारतो!

म्हणून टेपबाईंनी रीतसर कागद केला. मला बोलता येत नसेल तेव्हा उपचारांचे निर्णय नणंदेने घ्यावेत आणि बरं होण्याची आशा उरली नसेल तर मला यंत्रांवर ठेवू नये. "जन्मभर जिच्याशी भांडले, तिलाच पक्कं ठाऊक, मी कशाला नाही म्हणते," असं त्यांनी वकीलबाईंना सांगितलं. मुलाला मात्र सांगितलं नव्हतं. त्याला लागेल, म्हणून आज नको उद्या, असं चाललं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी वकीलबाई आपल्या कारकुनाला घेऊन दुकानात हजर झाल्या.

"ही साक्षीदाराची सही कुणाची?"

"माझी," वन्सं म्हणाल्या.

"अहो, ज्याला अधिकार द्यायचा त्याचीच साक्ष चालत नाही. हा कागद उद्या कुणी ग्राह्य धरणार नाही."

वन्संचा चेहरा खर्रकन उतरला. "वहिनींची सही दिसली, खाली जागा रिकामी दिसली. हात आपसूक गेला."

"एरवी माझ्या कामात खोट काढल्याशिवाय पेन उचलत नाही तुम्ही," टेपबाई म्हणाल्या. "आणि नेमका इथेच विश्वास ठेवलात होय?"

शंका आलीच होती, म्हणून वकीलबाईंनी नवा कागद करूनच आणला होता. एक साक्षीदार कारकून. दुसरा कुठून आणायचा? शेजारचा कुलूपवाला दुकान बंद करून गेला होता. तेवढ्यात आईची बॅग न्यायला मुलगा दारात उभा राहिला.

"बरे आलात," वकीलबाईंना बिचारीला काय माहीत! "घरचा माणूस साक्षीला चालतो. वाचून घ्या आणि सही करा."

मुलाने कागद वाचला. मग शिलाई मशीनच्या स्टुलावर बसून पुन्हा वाचला.

"रागावू नकोस रे," टेपबाई म्हणाल्या. "तुझ्यावर विश्वास नाही असं नाही."

"आई, त्या दिवशी सगळे डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघत होते," तो म्हणाला. "बंद करा म्हणायला माझी जीभ उचलेना, म्हणून चालू ठेवा म्हणालो. तेव्हापासून धडकी भरलीय. उद्या तुझ्याबद्दलही मलाच विचारतील." त्याने बाहीने डोळे पुसले. "आत्या, तू बोलशील ना?"

"मी गप्प बसलेली कधी पाहिलीस?"

तो हसला, आणि कितीतरी महिन्यांनी हसला. टेपबाईंना इतकं हायसं वाटलं, की उगाच इतके दिवस मुलाला घाबरलो म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला. टेपबाईंनी सही केली, साक्षीला कारकुनाने केली आणि शेवटी मुलाने. पेन परत देता देता त्याने विचारलं, "मग मी काय करायचं?"

"तू नुसता माझ्याजवळ बस," टेपबाई म्हणाल्या. "बापाच्या वेळी डॉक्टरांच्या मागे धावता धावता तुला बसायलाच मिळालं नाही."