लिफ्टशेजारचे आभारपत्र

आमच्या घराण्यात आभार मानण्याची एक शिस्त होती. आजोबा संस्थानच्या कचेरीत मसुदे लिहीत. घरातला कोणताही प्रसंग, मग तो मुंजीचा असो वा मृत्यूचा, आभारपत्रे टपालात पडल्याशिवाय पार पडला असे ते मानीत नसत. मृत्यूच्या बाबतीत मुदत तेराव्यापर्यंत. पत्र गुजराती माणसाला जायचे असेल तर शुद्ध गुजरातीत. भाजीवाल्याशी बोलायची गुजराती वेगळी आणि कागदावरची वेगळी, हा भेद बडोद्यात पिढ्या काढूनही आमच्या घरात पाळला जाई. ही लेखणी वडिलांकडून माझ्याकडे आली. मी एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात तीस वर्षे पत्रेच लिहिली. माझे पत्र वाचून कोणाला काही टोचत नाही, अशी माझी ख्याती होती आणि ती मी पदकासारखी मिरवीत असे.

भावोजी गेल्यावर बाराव्या दिवशी मी सात पत्रे लिहिली. त्यांतले एक रुग्णालयाला होते.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रिफायनरीतून निवृत्त झालेले, बडोद्यातल्याच अकोटा भागात राहणारे, बागकामाची हौस असलेले. कुदळ लागून पायाला जखम झाली, पाय सुजला, ताप भरला, म्हणून दाखल केले. दोन-तीन दिवसांत घरी सोडू, असे डॉक्टर म्हणाले होते. एकच अडचण होती: भावोजींना पेनिसिलीन चालत नसे. पुष्कळ वर्षांपूर्वी पादरा गावातल्या एका दवाखान्यात ते टोचले गेले होते आणि ते जेमतेम वाचले होते. तेव्हापासून ताईने हे सांगण्याचे व्रतच घेतले. दात काढायला गेले तरी ती सांगे, चष्म्याचा नंबर काढायला गेले तरी सांगे. भावोजी म्हणत, "ही एखाद्या दिवशी माझं नाव विसरेल, पण पेनिसिलीन नाही विसरायची."

ती विसरली नाही. दाखल केले त्याच सकाळी तिने वॉर्डातल्या सिस्टरला स्पष्ट शब्दांत सांगितले. सिस्टरच्या हातात कागद नव्हता, म्हणून तिने बॉलपेनने डाव्या तळव्यावर लिहून घेतले. मी समोरच उभा होतो. तळव्यावरची निळी अक्षरे मला दिसली होती. दुपारी दोन वाजता ड्यूटी बदलली. तो तळवा घरी गेला आणि दुसरी सिस्टर इंजेक्शनचा ट्रे घेऊन आली. ताई स्टुलावरून उठू लागली. मी तिच्या कोपराला हात लावला आणि हळू आवाजात म्हणालो, "ताई, एकदा सांगितलंय ना? सारखं सांगितलं की त्यांना वाटतं आपला विश्वास नाही. बरं नाही दिसत."

ताई बसली. अर्ध्या तासात भावोजी गेले.

हे मी इथे एका परिच्छेदात लिहून मोकळा झालो. तोंडाने उच्चारायला मला जवळजवळ अडीच वर्षे लागली.

डॉक्टरांनी त्याच दिवशी व्हरांड्यात आम्हाला सांगितले की, रुग्णाला ॲलर्जी असल्याचे नातेवाइकांनी कळवले नव्हते. शवविच्छेदन हवे आहे का, असेही त्यांनी विचारले. मी त्यांचे आभार मानून नको म्हणालो. पुढे भेटायला येणाऱ्यांपर्यंत ही बातमी आमच्याआधीच पोहोचली होती. दूरच्या एका काकूंनी ताईच्या पाठीवरून हात फिरवीत म्हटले, "सांगायला हवं होतंस गं." त्यानंतर ताईने भेटायला येणाऱ्यांशी बोलणे सोडले.

माझी भाची, ताईची एकुलती एक मुलगी, एका बँकेत काम करते आणि दिवसाचे दहा तास गुजरातीत बोलते. रुग्णालयाकडे अर्ज करून तिने वडिलांची केसफाईल मिळवली. ॲलर्जीच्या रकान्यात 'नाही' असे लिहिलेले होते. तिने मला फोन केला, तो मात्र दुसऱ्याच गोष्टीसाठी.

"मामा, तुमचा कागद त्यांनी फ्रेम करून लिफ्टच्या बाजूला टांगलाय. अक्षर एकदम सरस दिसतं. लिफ्ट येईपर्यंत लोक वाचतात."

मी विचारले, ताईला सांगितलेस का?

"ना. ते तुमचं काम छे."

मी ते काम केले नाही. योग्य वेळेची वाट पाहत होतो, असे मी स्वतःला सांगत असे. टाळाटाळीला सभ्य नाव देणे ही माझ्या नोकरीतली जुनी सवय होती.

भाचीने वकील शोधला. त्यांचे कार्यालय लहरीपुऱ्यात, एका साड्यांच्या दुकानावर. खिडकीतून जुन्या शहराचा दरवाजा दिसे आणि खालून सतत भावाची घासाघीस ऐकू येई. वकीलसाहेब वयस्कर गुजराती गृहस्थ होते. "जुओ भाई," ते म्हणाले, "गामने चार दरवाजा, तमारे पण चार."

पहिला दरवाजा पोलिसांचा: निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्याची फिर्याद. पण दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांनी चूक झाल्याचे लिहून दिल्याशिवाय पोलीस सहसा पुढे सरकत नाहीत, आणि डॉक्टर डॉक्टरविरुद्ध लिहायला बसला की त्याच्या पेनातली शाई वाळते. शवविच्छेदनाचा अहवाल कुठे आहे, असे त्यांनी मला विचारले. मी खिडकीबाहेर पाहिले. डॉक्टरांच्या नोंदणी परिषदेकडेही जाता येते. ती फार तर काही काळ परवाना थांबवते, कुटुंबाला त्यातून काही मिळत नाही. दिवाणी दावाही करता येतो, त्याचा निकाल ऐकायला बहुधा नातवंडे जातात. उरला ग्राहक आयोग. रुग्णालयाने सेवा विकली, भावोजींनी ती विकत घेतली, सेवेत खोट निघाली; तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत हवी. भावोजी शेवटी ग्राहक ठरले. आयुष्यभर त्यांनी दुकानदाराला कधी भाव कमी करायला सांगितला नव्हता.

ताईने खुर्ची पुढे ओढली. ती म्हणाली, "वकीलसाहेब, मला पैसे नकोत. मी सांगितलं होतं, एवढंच कुणीतरी लिहून द्यावं. मिळेल?"

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "बेन, एवुं कायदामां नथी."

मग त्यांनी समजावले. गेलेल्या उत्पन्नाला कायद्यात जागा आहे, मनस्तापाला आहे, अंत्यविधीच्या खर्चालाही आहे. 'मी सांगितले होते' याला नाही. मात्र भरपाई द्यायची की नाही हे ठरवताना, सांगितले होते की नव्हते हे आयोगाला आधी ठरवावेच लागेल. खाली साडी घेतली की पिशवी मिळते, तसे तुमचे वाक्य भरपाईबरोबर येईल, असे ते म्हणाले. ताईने तक्रारीवर सही केली, ती त्या पिशवीसाठी.

रुग्णालयाचे लेखी उत्तर काही महिन्यांनी आले. त्याला माझे पत्र जोडलेले होते. वकीलसाहेबांनी ते मोठ्याने वाचले. 'आपल्या परिचारिकावर्गाने दाखविलेली दक्षता आम्ही सर्व कुटुंबीय आजन्म स्मरणात ठेवू. आमची कोणतीही तक्रार नाही.' माझ्या वाक्यांना लय असते. ती तिथेही ऐकू आली. वाचून झाल्यावर त्यांनी मनापासून भाषेची स्तुती केली आणि समोरच्या वकिलालाही इतके चांगले लिहिता आले नसते, अशी खंत व्यक्त केली. भाची छताच्या पंख्याकडे पाहत होती.

"आम्ही सर्व कुटुंबीय?" ताईने विचारले. "मला कधी विचारलंस?"

मी तिला तेराव्याच्या आधी पत्रे पाठवण्याची पद्धत सांगू लागलो. ती मला माहीत आहे, असे ती म्हणाली आणि जिना उतरू लागली.

आता उपाय एकच होता. पत्र लिहिणाऱ्यानेच साक्ष द्यायची: पत्र केवळ रूढी म्हणून लिहिले आणि सिस्टरला तळव्यावर लिहून घेताना मी स्वतः पाहिले. शपथपत्राचा मसुदा अर्थातच मी केला. वकीलसाहेबांनी त्यातली विशेषणे काढली. तळवा होता, निळी शाई होती, ड्यूटी बदलल्याची वेळ होती. ताईच्या कोपरावरचा माझा हात नव्हता. तो कोणी विचारलाही नव्हता. वकीलसाहेबांना ठाऊक नव्हता, भाचीलाही नव्हता. इतक्या दिवसांत ताईने तो कोणालाही सांगितला नव्हता, आणि हे मला त्या क्षणापर्यंत सोयीस्करपणे जाणवले नव्हते. तिने मसुदा वाचला, शेवटचे पान उलटून मागची कोरी बाजू पाहिली.

"एवढंच?" ती म्हणाली.

मी हो म्हणालो.

आयोगासमोर साक्षीदाराला प्रश्न बहुधा लेखीच दिले जातात. रुग्णालयाच्या वकिलांनी मला प्रत्यक्ष विचारण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. ते तरुण आणि अतिशय सभ्य होते. दुसऱ्या कोणत्याही प्रसंगी मला आवडले असते. त्यांनी आधी पत्रावरची सही माझीच का, असे विचारले. पत्र कोणी दबाव आणून लिहून घेतले होते का? नाही. मग ते मुद्द्यावर आले. तुमच्या भगिनी दंतवैद्यालाही ही ॲलर्जी सांगत, असे तुम्हीच शपथेवर लिहिले आहे. मग दोन वाजता दुसरी परिचारिका डोळ्यांदेखत इंजेक्शन घेऊन आली, तेव्हा इतकी जागरूक स्त्री स्टुलावर गप्प का बसली? मुळात सकाळीही तिने काही सांगितलेच नव्हते, असे मी सुचवतो, ते बरोबर आहे ना?

प्रश्न उत्तम बांधलेला होता. त्याला उत्तर एकच होते आणि ते या खोलीत दोघांनाच ठाऊक होते. ताई मागच्या बाकावर बसली होती. मी मान वळवून पाहिले नाही. पाहिले असते तर तिने कदाचित मानेनेच नको म्हटले असते, आणि मी ते आनंदाने मानले असते.

"ती उठली होती," मी म्हणालो. "मी तिला बसवलं."

टंकलेखकाने मान वर केली. "जरा मोटेथी बोलो, साहेब. संभळातुं नथी."

हळू बोलण्याबद्दल उभ्या आयुष्यात माझी वाखाणणीच झाली होती. मी पुन्हा बोललो, मोठ्याने. ती सांगायला उठली होती, मी तिचा हात धरला, बरे दिसत नाही म्हणालो. अध्यक्षांनी टंकलेखकाला 'बरे दिसत नाही' हे शब्द तसेच घेण्यास सांगितले. रुग्णालयाच्या वकिलांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

बाहेर भाची थेट स्कूटर काढायला गेली. ताई पायरीवर उभी होती. माफी मागण्यासाठी मी वाक्य जुळवू लागलो.

"राहू दे," ती म्हणाली. "तू वाक्यं करतोस."

निकाल पुढे ताईच्या बाजूने लागला. तक्रारदाराने परिचारिकेला ॲलर्जीची माहिती दिली होती हे साक्षीवरून सिद्ध होते, असे वाक्य त्यात आहे. रुग्णालयाने वरच्या आयोगाकडे अपील केले. वाक्यावरही अपील होते का, असे ताईने वकीलसाहेबांना विचारले. आखा हुकुमावर, म्हणजे सगळ्याच निकालावर होते, असे ते म्हणाले. मग तिने माझ्या साक्षीच्या पानाची प्रमाणित प्रत मागून घेतली आणि पादरा गावच्या दवाखान्याने भावोजींना दिलेल्या जुन्या चिठ्ठीबरोबर ठेवली. दूरच्या काकू पुन्हा आल्या, तेव्हा तिने चहाच्या आधी त्यांच्या हातात ते पान दिले. काकूंनी ते चष्मा लावून दोनदा वाचले आणि मग माझ्याकडे पाहिले. मी बशा आणायला आत गेलो.

आभारपत्र अजून लिफ्टशेजारी आहे, असे भाचीने सांगितले, म्हणून मी ते काढा म्हणायला गेलो. लेखी अर्ज द्या, असे तिथल्या गृहस्थांनी अदबीने सांगितले. मी घरी येऊन चार ओळींचा अर्ज लिहिला: पत्रातील मजकूर खरा नाही, ते उतरवावे. पाठवण्यापूर्वी, या वेळी, तो ताईला दाखवला. तिने वाचला आणि पेन मागितले. माझ्या सहीच्या वर 'आपला नम्र' असे होते. तेवढे तिने खोडले.