दादाची चाचणी

मी ट्रक चालवते ती दादामुळं. कन्नडजवळच्या आमच्या गावात घरोघर मेंढरं. दादा मिसरूड फुटायच्या आधीच मेंढरं सोडून एका ट्रकवर क्लीनर म्हणून गेला आणि उस्तादाकडं बघून बघून ड्रायव्हर झाला. लग्न होऊन मी मुकुंदवाडीला आले तेव्हा तो एका ठेकेदाराच्या गाडीवर होता. चिकलठाण्याच्या कारखान्यातून माल भरायचा, पुण्याला नाहीतर नाशिकला नेऊन टाकायचा.

मी तेव्हा भाजीचा छोटा टेम्पो चालवत होते. मोठ्या गाडीचं शिक्षण बायकांनाही देतात आणि शिकलेल्यांना कंपन्या कामावर घेतात, ही बातमी दादानंच आणली. सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणसानं ट्रक चालवायचा? लोक काय म्हणतील?"

"मावशी, टेम्पोला बी लोक बोलतच होते की," दादा म्हणाला. "आता तिच्याकडूनच भाजी घेतात."

सासूबाईंना हसू आलं, आणि माझं काम झालं.

शिकताना मी रोज दादाला फोन करून काय शिकवलं ते सांगायची. गाडी चालू करण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारायची, टायर, दिवे, दोर बघायचे. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचा. आरशात न दिसणारी जागा कुठली कुठली, ते ध्यानात ठेवायचं. दादा खो खो हसायचा. "फेऱ्या मारायला शिकवतात व्हय? देवळाभोवती मारतात तशा?"

शिक्षण संपलं आणि त्याच कारखान्यानं मला स्वतःच्या नव्या गाडीवर घेतलं. पगारी नोकरी, आठवड्याची सुट्टी, थंड केबिन. दादा इतकी वर्षं त्याच गेटमधून आत-बाहेर करत होता, पण ठेकेदाराचा माणूस म्हणून. मला लाज वाटली. त्यानं मात्र गेटवरच्या सगळ्यांना पेढे वाटले.

पुढं एका बैठकीत साहेबांनी मला उभं केलं. माझ्या गाडीला ओरखडा नव्हता, डिझेल कमी लागत होतं, माल वेळेत पोचत होता. "शिकून आलेल्या माणसाचा फरक बघा," ते म्हणाले. टाळ्या वाजल्या आणि माझी छाती फुगली. त्यानंतर थोड्याच दिवसांत गेटवर हुकूम लागला: ठेकेदारांच्या सगळ्या ड्रायव्हरांनी आठवडाभर शिकायचं, चाचणी द्यायची. नापास झालेल्याची गाडी आत येणार नाही.

तो हुकूम मी काढला नव्हता. पण माझ्याकडं बोट दाखवून काढला होता, हे दादालाही माहीत होतं आणि मलाही.

त्यावर कडी म्हणजे चाचणीच्या दिवशी शिकवणाऱ्या सरांना मदत म्हणून साहेबांनी मलाच पाठवलं. दादाची पाळी आली. तो केबिनमध्ये चढला, मी आणि सर शेजारी बसलो. त्यानं फेरी मारली नाही. पट्टा लावला नाही. बाकी गाडी अशी चालवली की पाण्याचा तांब्या ठेवला असता तरी हिंदकळला नसता. मग उतार लागला. दादाचा हात सवयीनं गिअरवर गेला आणि गाडी न्यूट्रलमध्ये सुटली.

सरांनी गाडी थांबवायला सांगितली आणि माझ्याकडं वळले. "काय चुकलं? तुम्ही सांगा."

मी जन्मभर दादाला 'तू' म्हणत आले. त्या दिवशी म्हणाले, "तुम्ही उतारावर गाडी न्यूट्रल केली. फेरी मारली नाही. पट्टा नाही."

दादा समोरच्या काचेतून बघत राहिला. मग म्हणाला, "बराबर आहे, मॅडम."

तो नापास झाला. गेट बंद झालं तसा तो कन्नडकडं साखर कारखान्याच्या उसाच्या गाड्यांवर गेला. वहिनी माझा फोन उचलेनात. मी थंड केबिनमध्ये बसून गेटमधून निघायची तेव्हा ठेकेदाराच्या गाड्यांच्या रांगेकडं बघवत नसे. खोटं बोलले असते तर? हा विचार रोज यायचा. पण उतारावर सुटलेली गाडी डोळ्यांपुढं यायची आणि खोटं बोलले नाही तेच बरोबर होतं हेही कळायचं. त्यानं काही जीव हलका होत नव्हता.

शेवटी एका सुट्टीला मी गावी गेले. दादा अंगणात दाढी करत होता.

"दादा, मी नोकरी सोडते," मी म्हणाले.

वस्तरा थांबला. "सोडून काय करशील? भाजी विकशील?"

"माझ्यामुळं तुझं गेट बंद झालं."

"तुझ्यामुळं नाय. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवायचं, हे मला उस्तादानं शिकवलं. त्याला त्याच्या उस्तादानं." त्यानं तोंड पुसलं. "मागं एकदा घाटात माझा ब्रेक लागंना. दरडीला गाडी घासून थांबवली. घरी कुणाला बोललो नाय. ब्रेकच खराब होता, असंच समजत आलो. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, तो तापतो आन् मग लागत नाय, हे सरांनी वर्गात सांगितलं, तवा अंगावर काटा आला. तरी बी हात गेलाच बघ गिअरवर."

मी रडायला लागले. तो म्हणाला, "रडू नको. शिकीव. पण पुन्हा 'तुम्ही' म्हणालीस तर खाली उतरवीन."

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी मी गावी जायची आणि गावाबाहेरच्या उतारावर उसाच्या रिकाम्या गाडीवर आमचा सराव चालायचा. त्याचा हात गिअरकडं निघाला की मी नुसती खाकरायची. पुढच्या चाचणीला मी सुट्टी घेतली, तिकडं फिरकलेही नाही. दादा पास झाला. ठेकेदारानं त्याला पुन्हा त्याच गाडीवर घेतलं.

वहिनी आता फोन उचलतात. दादाचं वय जास्त म्हणून कंपनीची पगारी नोकरी मात्र त्याला मिळाली नाही, मिळणारही नाही. त्यानं ते कधी बोलून दाखवलेलं नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.