अप्पांच्या दुकानातला बाजार

अणदूरचे शिवलिंगअप्पा सकाळी कापडाचं दुकान उघडलं की आधी एका चित्राला हात जोडायचे. चित्रात देव नव्हता, बाजार होता. निजामाच्या काळातलं, दीडशे वर्षांचं तैलचित्र. भर गर्दीची पेठ, मिरच्यांचे ढीग, भांडणाऱ्या बाया आणि कोपऱ्यात ताणलेल्या कांबळ्याच्या सावलीत गजानं कापड मोजणारा एक म्हातारा. "शरणु, पणजोबा," अप्पा म्हणायचे, "आज गिऱ्हाईक चांगलं धाडा. घासाघीस करणारं तुमच्याकडंच ठेवा."

तो खरंच त्यांचा पणजोबा का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "नाम्या, गज धरायची रीत बघ. अंगठा आत. आमच्या घराण्याबिगर असा गज कुणी धरत न्हाय." घरात पणजोबांचं दुसरं चित्र नव्हतं. वाद मिटला.

दोन वर्षांखाली अप्पांना चित्र काळं दिसायला लागलं. मी रंगारी, म्हणून मला बोलावणं आलं. "धुपाची काजळी बसलीय," अप्पा म्हणाले. "पणजोबाचं तोंड दिसंना. मरायच्या आधी एकदा दाखव रे."

त्यांचा मुलगा बसवराज मधे पडला. "काका, त्यांच्या डोळ्याची नस वाळलीय, डॉक्टरनं सांगितलंय. चित्र हाय तसंच हाय. हात लावू नका."

मला राग आला. चाळीस वर्षं मी भिंती आणि दारं रंगवली, आणि हा पन्नाशीचा पोरगा मला रंग शिकवणार! "तू कापड फाड," मी म्हणालो. "हे माझं काम हाय."

"व्हय! ऐकलंस का?" अप्पा खूश.

दारं धुतो तसंच धुतलं. सोड्याचं कोमट पाणी आणि काथ्या. आधी काळं पाणी निघालं, आम्ही दोघं हरखलो. मग तांबूस निघालं. मिरच्या गेल्या म्हणून हात थांबवला, तोवर कांबळं, गज, म्हातारा, सगळं काथ्यात आलं होतं. मागं नुसतं कोरं कापड.

"झालं? दिसायलेत का?" अप्पा मान पुढं काढून उभे. बसवराजनं माझ्याकडं बघून तोंड फिरवलं.

"लख्ख दिसायलेत, अप्पा."

ते लई वेळ बघत राहिले. मग मटकन खाली बसले. "यप्पा... मला तर अंधारच हाय. डोळेच गेले रे माझे."

खरं सांगायची माझी छाती झाली नाही. पुढं वर्षभर, अप्पा जाईपर्यंत, रोज दुपारी मी त्यांना तो बाजार तोंडानं सांगत बसायचो. एक दिवस सांगतासांगता ते उठले, चाचपडत भिंतीशी गेले. जन्मभर कापड हाताळलेली बोटं चित्राच्या त्या कोपऱ्यावर फिरली आणि थांबली.

"गप का झालास?" माझ्याकडं न वळता अप्पा म्हणाले. "सांग की. पणजोबाच्या म्होरं गिऱ्हाईक कोण उभं हाय?"