मी चर्चात साक्षीदार नेला

हा घोळ सांगतो, पण चहा तोंडात असेल तर आधी गिळून घ्या!

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली होती. आमच्या भागातल्या छोट्याशा बाप्टिस्ट मंडळीत सभासद व्हायचंच, असं मी पक्कं केलं होतं. तान्हा असताना दुसऱ्या चर्चात माझ्या डोक्यावर पाणी शिंपडलं होतं, पण इथं ते धरत नसत. विश्वास स्वतः धरायचा, सगळ्यांसमोर सांगायचा, सभासदांनी हात वर करून होकार द्यायचा आणि मग नदीत अख्खं बुडवून बाप्तिस्मा! मला हे फार पटलं होतं. आईबापांकडून आलेला नको, मला माझा स्वतःचा विश्वास हवा होता.

पाळक म्हणाले, "रविवारच्या सभेत साक्ष झाली पायजे. धाम नदीचा डोह आटून राह्यला. आता हुकलं त पावसाळ्यानंतरच."

साक्ष! मी पडलो शिंपी. साक्ष म्हणजे मला कोर्टातलीच ठाऊक. मग साक्षीदार नको?

आमच्या आंजी गावातले शेजारी नामदेवकाका कास्तकार माणूस, गावात शब्दाला मान. मी थेट त्यांच्याकडे गेलो.

"काका, चर्चात मायी साक्ष द्याले येता का?"

"येतो. पन खोटं नाई बोलनार, बाप्पा!"

"खरंच बोलजा!" मी छाती फुगवून म्हणालो. काय अक्कल पाहा!

रविवारी पाळकांनी माझं नाव घेतलं. मी उठलो आणि काकांना पुढे केलं.

"हे कोन?"

"माये साक्षीदार!"

पाळक काही बोलायच्या आत काकांनी धोतर सावरलं आणि सुरू झाले.

"या पोट्ट्याले मी लहानपनापासून ओळखतो. याच्यासारखा लबाड आंजीत नाई! मायं कुडतं दिवाळीले देतो म्हने, होळीले देल्लं. वरून उरल्या कापडाची सोताच्या पोराले चड्डी शिवली!"

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. मी काकांची बाही ओढली.

"काका, चांगलं सांगा ना!"

"थांब न बे! खरं बोलजा म्हनला न तू? बायकोवर असा वरडे, का मले वावरात आयकू ये!"

पाळकांनी त्यांना कसंबसं बसवलं. "अरे भाऊ, साक्ष म्हंजे प्रभूनं तुयासाठी काय केलं, ते तूच सांगाचं. दुसऱ्याची इथं चालत नाई!"

सगळं चर्च खदखदून हसलं. गेला, यंदाचा डोह गेला! पण मागे हटायचं नाही म्हणजे नाही. मी तसाच उभा राहिलो.

"काका बोलले ते सारं खरं हाये," मी म्हणालो. "मी असाच होतो. येशूनं मले असाच उचलला. आता मले बुडवा!"

हसणं थांबलं. पाळकांनी मत विचारलं आणि भराभर हात वर गेले. काकांनीही केला. मत फक्त सभासदांचं असतं, हे सांगून त्यांचा खाली करावा लागला.

बाहेर आल्यावर मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या मार्थाबाईंना मी ऐटीत विचारलं, "माय, मायी साक्ष सगळ्याईले इतकी आवडली?"

"तुयी कायची रे, बापू! इथं जो तो येऊन म्हन्ते, मी मोठा पापी होतो. आता कोनाचं खरं मानाव? पुरावा घेऊन आलेला तूच पयला!"