टँकर परत गेला तो दिवस

डिझेलचा वास आला की मला आचऱ्याच्या मच्छीमार सोसायटीच्या पंपावरचा एक दिवस आठवतो. मला तिथे नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपून नौका पहिल्यांदाच समुद्रात जायच्या होत्या, त्यामुळे डेपोतून टँकर आला तेव्हा बंदरावर कॅन घेतलेल्या माणसांची ही गर्दी. मी टँकरवर चढले, मोजपट्टीच्या टोकाला पाणी तपासायची पिवळी पेस्ट लावली आणि पट्टी तळापर्यंत सोडली. वर काढली तर पेस्ट लालभडक. डिझेलात पाणी होतं. "टँकर परत न्या," मी म्हटलं. ड्रायव्हर नुसता हसला. खालून एक जण ओरडला, "ताई, उतरवन घेवा! आमी कधी जातलव?" मी झाकण लावलं आणि त्यावरच बसून राहिले. तेवढ्यात एका नौकेचा म्हातारा तांडेल पुढे आला. त्याने पट्टी मागून घेतली, निरखून पाहिली. "भर दर्यात इंजिन बंद पडला तर हाक कोणाक मारशात?" एवढंच सगळ्यांना विचारून त्याने आपला रिकामा कॅन उचलला आणि घरची वाट धरली. मग एकेक करून बाकीचेही पांगले. मी खाली उतरले आणि ड्रायव्हरने टँकर परत वळवला. आज तो पंप मीच सांभाळते, आणि टँकर आला की पेस्ट लावलेली मोजपट्टी अजूनही स्वतःच तळापर्यंत सोडते.